पासष्ट मिलिमीटरचे आबा

आबांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण आबा एकटे नाहीत. धाराशिव तालुक्यात महसुलाची जेवढी मंडळं, तेवढे आबा. कुठं त्यांना नाना म्हणतात, कुठं बापू, कुठं तोंडावर साहेब आणि पाठीमागं काहीही. आपले बेंबळी मंडळातले, म्हणून आपण आबा म्हणू. साठी ओलांडलेली, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरच्या खिशात दोन पेनं (एक उठतं, एक शोभेचं), कपाळाला अष्टगंध आणि खांद्यावर उपरणं. उपरण्याचा रंग दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. शर्ट तोच.

जगात बाकी सगळं बदलतं हे आबांना मान्य आहे. पक्ष बदलतो, पालकमंत्री बदलतो, उस्मानाबादचं धाराशिव झालं, तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. फक्त हवामान बदललं असं कुणी म्हटलं, की आबा हातातला चहा खाली ठेवतात.

"कोण म्हणलं तुमाला? काय बी बदललं न्हाई. बहात्तरला ह्याच्यापरीस वाईट व्हतं."

बहात्तर हे आबांचं भांडवल. त्या दुष्काळात ते नऊ-दहा वर्षांचे होते. शाळेत सुकडी खाल्ली, घरी मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या, आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जाऊन मुकादमाला पाणी पाजलं. एवढ्या अनुभवावर माणसानं पन्नास वर्षं बोलत राहावं हे सोपं काम नाही. पाऊस कमी झाला तर बहात्तर, पाऊस जास्त झाला तर "बहात्तरला हेच्यासाठी आमी रडलाव," गारा पडल्या तर "बहात्तरला गारासुदिक पडल्या न्हाईत." बहात्तरसमोर कुठलंच वर्ष टिकत नाही.

खरं म्हणजे बहात्तरचे म्हातारे एक वेगळीच गोष्ट सांगतात. त्या वर्षी धान्य नव्हतं, पण विहिरीत पाणी होतं. पोहरा टाकला की भरून यायचा. पुढच्या दुष्काळांत रेशनवर धान्य मिळालं आणि विहिरी कोरड्या पडल्या. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. हे आबांना सांगून पाहिलं.

"म्हंजे परगती झाली की न्हाई? बहात्तरला रेल्वे तरी व्हती का?"

(होती. बार्शी लाइटची अरुंद गाडी लातूरला १९११ पासून येत होती. पण आबांपुढं इतिहास काढायचा नसतो, तो त्यांचा प्रांत आहे.)

आता पासष्ट मिलिमीटरचं. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती सरकारदरबारी अतिवृष्टी. मग पंचनामे, तेहतीस टक्क्यांवर नुकसान, मग अनुदान, मग याद्या, मग यादीत नाव का नाही म्हणून तहसीलला मोर्चा. ह्या सगळ्या गंगेचा उगम म्हणजे मंडळाचं पर्जन्यमापक. देवळात जाताना आबा चप्पल बाहेर काढतात. पर्जन्यमापकाजवळ गेले तरी त्यांचा हात आपोआप चपलेकडं जातो.

एकदा यंत्रानं ६४ दाखवले. अख्ख्या शिवारात गुडघाभर पाणी, बांध फुटलेले, आणि कागदावर चौसष्ट. त्या दिवशी आबांनी जो संताप केला तो जागतिक हवामान परिषदांमध्ये लहान बेटांच्या प्रतिनिधींनाही जमला नसता. "एका मिलिमीटरसाठी मंडळ बुडवायलाव का? वाऱ्यानं थेंब तिरपे गेले असतील! यंत्रावर झाडाचं पान पडलं असंल!" तहसीलदारांनी शांतपणे विचारलं, आबा, यंत्राजवळ झाड आहे का? नव्हतं. ३३ कोटी वृक्षलागवडीत तिथं एक लावलं होतं, ते गेलं.

इथं आबांचं तत्त्वज्ञान समजून घ्यावं लागतं, नाहीतर माणूस त्यांना अडाणी समजतो. आबांना पाऊस, पूर, उष्णता, गारा ह्यांतलं काहीही नाकारायचं नसतं. नुकसान तर ते इतरांपेक्षा जास्त मानतात. दहा गुंठ्यांचं असेल तर ते एकराचं मानतात. त्यांना नाकारायचं असतं ते फक्त कारण. कारण निघालं की कर्तव्य निघतं. आणि कर्तव्य निघालं की कुणाचं तरी बोअर निघतं, कुणाचा तरी ऊस निघतो, कुणाचं तरी मुरुमाचं टिपर निघतं. म्हणून आबांनी गुन्हेगार ठरवून टाकला आहे: निसर्ग. त्याच्यावर समन्स बजावता येत नाही, तो मतदार नाही, आणि त्याच्या विरोधात कितीही बोललं तरी संध्याकाळी फोन येत नाही.

सरकार आपलं असलं की निसर्गाचा कोप, सरकार त्यांचं असलं की सरकारचं पाप. एवढा एकच फॉर्म्युला आबा वापरतात. २०२२ला शिवसेना फुटली, २०२३ला राष्ट्रवादी फुटली, तेव्हा थोडा गोंधळ झाला. एका सभेत आबांनी सुरुवात सरकारच्या पापानं केली, मध्येच मोबाईल वाजला, आणि शेवट निसर्गाच्या कोपानं झाला. लोकांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

सप्टेंबर २०२५. मराठवाडा पाण्याखाली. परंडा आणि भूम तालुक्यांत नद्या पात्राबाहेर आल्या, छपरांवर बसलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आलं. बेंबळीच्या शिवारात सोयाबीन काढणीला आलेलं, शेंगा पाण्यात, आणि दोन दिवसांत शेंगेतल्या शेंगेत कोंब. वर हिरवं रान दिसत होतं, हातात घेतलं की बुरशीचा वास. त्याच आठवड्यात, २३ तारखेला, न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प उभे राहिले आणि हवामानबदल ही जगातली सगळ्यात मोठी फसवणूक आहे असं म्हणाले. ती क्लिप आबांना व्हॉट्सॲपवर आली. मराठी अक्षरं खाली येत होती. आबा त्या वेळी वावरात, पंचनाम्याच्या पथकाबरोबर, पिंडरीएवढ्या पाण्यात उभे होते.

"बगा," आबा म्हणाले, "एवढा मोठा माणूस खोटं बोलंल का?"

पथकात ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक आणि कृषी खात्याचा एक पोरगा. पोराच्या हातात फोन, फोनमध्ये ॲप, ॲपला रेंज नाही. रेंज यावी म्हणून तो बांधावर चढला. फोटोत अक्षांश-रेखांश आले पाहिजेत, शेतकरी आला पाहिजे, पीक आलं पाहिजे. आबा शेतकऱ्याच्या शेजारी उभे राहिले. हातात उपटलेलं सोयाबीन धरलं, चेहरा पाडला, आणि पोरानं फोटो काढायच्या आत म्हणाले, "थांब. हितं पाणी कमी दिसायलंय."

मग सगळे जण खोलगट जागेकडं निघाले. ती जागा दुसऱ्याच्या वावरात होती. तिथं पाणी मांडीला लागत होतं. आबांनी धोतराचा सोगा वर घेतला (पंचनाम्याला आबा शर्टाखाली धोतर नेसतात, मोर्चाला पँट) आणि पुन्हा चेहरा पाडला. पोरगा म्हणाला, "आबा, गट नंबर बदलला." आबा म्हणाले, "गट बदलला तर काय झालं, पाणी तेच हाय ना?" पोरानं मान खाली घातली. हवामानाच्या बाबतीत हद्दी नसतात, हे जगाला पटवून द्यायला शास्त्रज्ञांना किती वर्षं लागली! आबांनी ते मांडीभर पाण्यात एका वाक्यात मांडलं, आणि मांडलं तेही गैरलागू.

ज्याचं ते वावर होतं तो शेतकरी मात्र ह्या सगळ्यात काही बोलला नाही. तो एका शेंगेचं टरफल काढून कोंब बघत होता. एक झाली की दुसरी. बाकीच्यांचा फोटो झाला तेव्हा तो फोटोत नव्हता.

पुढं ऑक्टोबरात सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ओला दुष्काळ जाहीर करा अशी मागणी सगळीकडून होत होती. नियमपुस्तकात ओला दुष्काळ अशी चीजच नाही, पण दुष्काळाच्या सवलती लागू करतो, असं उत्तर आलं. त्या आठवड्यात आबा नेमके कुठल्या पक्षात होते ह्याबद्दल गावात मतभेद आहेत. एवढं खरं, की ओल्या दुष्काळाच्या मागणीच्या निवेदनावर त्यांची सही आहे आणि पॅकेजबद्दलच्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटोही आहे. सही लहान आहे, फोटो मोठा.

पीकविम्याची गोष्ट आबांना कुणी विचारत नाही, म्हणून इथं सांगतो. २०२३ला एक रुपयात पीकविमा आला तेव्हा आबांनी पारावर टेबल टाकून अर्ज भरून घेतले. त्या विम्यात आपल्याच वावरात पाणी शिरलं, काढून ठेवलेलं भिजलं, तरी बहात्तर तासांत कळवायची सोय होती. बहात्तर हा आकडा आबांना इथंही उपयोगी पडला. २०२५च्या खरिपात ती योजना गुंडाळली. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा आला, आणि स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान हे भरपाईचे रस्ते बंद करून सगळं पीक कापणी प्रयोगावर आणून ठेवलं. म्हणजे मंडळात ठरावीक ठिकाणी पीक कापायचं, वजन करायचं, आणि त्यावर सगळ्या मंडळाचं नशीब. आपलं वावर वाहून गेलं तरी मंडळाची सरासरी वाहून गेली पाहिजे. हे सगळं पेरणीच्या आधी ठरलं, पाणी सप्टेंबरात आलं. ज्या वर्षी पाऊस असा लहरी होत चालल्याचं सगळे बोलत होते त्याच वर्षी छत्री काढून घेतली, ह्यावर एखादं आंदोलन झालं असतं तर ते शोभलं असतं. आबांना विचारलं तेव्हा म्हणाले, "त्या दिवशी सत्कार व्हता."

आबांची पुतणी बीएस्सी ॲग्री झाली आहे. घरात तिचं कौतुक आहे, तिचं ऐकणं हा वेगळा विषय. ती अधूनमधून आबांना समजावते. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ला दाखवून दिलं, की मध्य भारतात १९५० ते २०१५ ह्या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. समुद्र तापतो, वाफ जास्त होते. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सात टक्के जास्त बाष्प मावतं. मग ती दीड महिना धरून ठेवते आणि दीड दिवसात सोडते.

"वर्साची सरासरी किती झाली?" आबांनी विचारलं.

"सरासरी त्याच्या आसपासच असती आबा, पण…"

"मग? सरासरीत बसतंय की!"

"चार दिवसांत सरासरी बसली तर बाकीच्या दिवसांचं काय?"

"बाकीच्या दिवसांत ऊन पडतंय. पिकाला ऊन लागत न्हाई व्हय माय?"

हेच आबा दुष्काळाच्या वर्षी सरासरीचं नाव काढलं की भडकतात. सरासरी भरली म्हणून तालुका यादीतून गळाला, तेव्हा "सरासरी कुणाच्या बापाची?" असा फलक त्यांनीच धरला होता. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आणण्यासाठी त्यांनी जी धडपड केली ती पाहून गणिताच्या मास्तरांचे डोळे भरून आले. आकडा आपल्याला हवा तिथं आणायचा, आणि तो तिथून आला कसा हे कुणी विचारायचं नाही, एवढीच आबांची विज्ञानाकडून अपेक्षा.

नक्षत्रांवर मात्र त्यांचा पूर्ण भरवसा. मृगाचं वाहन कोणतं, हस्ताचं कोणतं, हे तोंडपाठ. समजा आर्द्राचं वाहन उंदीर, म्हणजे पाऊस बेताचा. झाला नाही तर उंदराचा दोष, झाला तर उंदीर ओला झाला. पंजाबराव डखांचा मेसेज आला की तो पन्नास ग्रुपवर पुढं. हवामान खात्याचा यलो अलर्ट आला की, "ते मुंबईसाठी असतंय."

आता थोडं बोअरचं. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९चा. साठ मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली शेतीसाठी विंधन विहीर घ्यायची नाही, असं तो म्हणतो. आबांचं बोअर सातशे फुटांवर आहे. पुतणीनं हळूच विषय काढला. आबा म्हणाले, कागदोपत्री ते पिण्याच्या पाण्यासाठी आहे. पिण्याच्या पाण्याला सूट असते. पण पाणी तर उसाला जातंय!

"मग? ऊस काय चावून खातो का पाणी? पितोच की."

२०१९ला तेव्हाचे विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर ह्यांनी मराठवाड्यात ऊस नको असा अहवाल वर पाठवला होता. त्याही आधी चितळे आयोगानं पाण्याची तूट असलेल्या भागात उसाबद्दल हेच सांगून ठेवलेलं. आबांनी तेव्हा दोन्ही अहवालांचं स्वागत केलं, फक्त अंमलबजावणी पश्चिम महाराष्ट्रापासून सुरू करा म्हणाले. ह्यात त्यांचं चुकलं असंही छातीठोक म्हणवत नाही. ऊस हे असं एकच पीक आहे की ज्याला गाऱ्हाणी कमी. पूर आला तरी उभं राहतं, भाव कारखान्याला द्यावाच लागतो, आणि तोडणीची चिठ्ठी मिळवायला पुढाऱ्याकडं जावं लागतं. तिन्ही गोष्टी आबांच्या जमेला. सोयाबीनवाल्याला पुढाऱ्याची गरज फक्त पाण्यात उभं राहिल्यावर लागते.

त्या बोअरवर आता सौर पंप बसला आहे. सरकारनं दिला, पर्यावरणासाठी. पूर्वी रात्री लाईट असायची तेव्हाच पाणी, आता दिवसभर पाणी. सूर्य जोवर आहे तोवर आबांचा ऊस पिणार. नानाजी देशमुख कृषी संजीवनी, म्हणजे आपलं पोकरा, जागतिक बँकेच्या पैशावर २०१८ला सुरू झालं, हवामानबदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठी. त्यात धाराशिव जिल्हाही होता. त्यातल्या एका अर्जावर ठळक अक्षरांत तसं छापलेलं होतं आणि खाली आबांची सही. पुतणीनं विचारलं, "मग मानता की आबा?"

"सहीपुरतं मानतो."

पवनचक्क्यांचं प्रकरण ह्याहून गमतीचं. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यातल्या माळांवर पवनचक्क्यांचं रान उठलं. एजंट आले, दलाल आले, मोजण्या, रस्ते, भांडणं, पोलीस. हवेत कार्बन सोडल्यानं पाऊस बदलतो हे आबांना कधीच पटलं नाही. पण पवनचक्कीच्या पात्यांनी ढग पळून जातात हे ऐकल्याबरोबर पटलं. "एवढं मोठं पंखं, फिरायलंय गरागरा. ढग थांबतील का?" ह्या विषयावर त्यांनी पारावर तासभर भाषण केलं. पवनचक्क्यांना त्यांचा तत्त्वतः विरोध आहे. त्यांच्या माळरानावर दोन उभ्या आहेत. त्यांचे करार तत्त्वाच्या आधीचे.

झाडांबद्दल बोलायचं तर आबांनी आयुष्यात जेवढी झाडं लावली तेवढी वनखात्यानंही लावली नसतील. २०१६ला दोन कोटी, पुढं चार, तेरा, आणि २०१९ला तेहतीस कोटी असा सरकारचा आकडा चढत गेला, तसे आबांचे फोटो वाढत गेले. जागा मात्र काटकसरीनं एकच, शाळेच्या मागचा खड्डा. खड्ड्याला आबांची इतकी सवय झाली होती की एका वर्षी फोटोग्राफर उशिरा आला तर खड्डाच वाट बघत बसला. "माझी वसुंधरा" अभियान आलं तेव्हा ग्रामपंचायतीत सगळ्यांनी हात पुढं करून शपथ घेतली. आबांनी उजव्या हातानं शपथ घेतली, डाव्या हातात प्लॅस्टिकची पाण्याची बाटली होती. शपथ संपल्यावर बाटलीही खड्ड्यात गेली.

जलयुक्त शिवारचा नालाही सांगितला पाहिजे, कारण तो नाला म्हणजे आबांचं राजकीय चरित्र. २०१५ला आबा सत्ताधाऱ्यांबरोबर होते, नाला खोल झाला, पोकलेन आबांच्या मेव्हण्याचं. २०१९ला सरकार बदललं, आबाही बदलले, नाल्याची चौकशी झालीच पाहिजे म्हणाले. २०२२ला पुन्हा सरकार फिरलं, जलयुक्त २.० आलं, आबांनी नाल्याचं पुन्हा भूमिपूजन केलं. २०२५च्या पाण्यात नाला फुटला. आबा म्हणाले, हा जुना नाला, आमचा न्हाई.

तर असे आबा. ते काही जगावेगळे नाहीत. अमेरिकेत २०१५च्या फेब्रुवारीत जेम्स इनहोफ नावाचे सेनेटर सभागृहात बर्फाचा गोळा घेऊन आले होते. वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडलंय, मग पृथ्वी तापली कुठं? त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी-मार्च २०१४मध्ये, मराठवाड्यात अशी गारपीट झाली होती की वावरं पांढरी झाली, द्राक्षं गेली, जनावरं मेली. आबांनी तेव्हा परातीत गारा भरून तहसीलदारांच्या टेबलावर ठेवल्या. इनहोफ आणि आबा, दोघांनीही बर्फच नेलं. एकानं काही बदललं नाही हे सिद्ध करायला, एकानं हेक्टरी मदत मागायला. परातीतलं पाणी फायलींवर सांडलं, पण मदत आली. हिशेबात आबा पुढं.

२०१४च्याच शिक्षकदिनी पंतप्रधान मुलांशी बोलताना म्हणाले होते, की हवामान बदललेलं नाही, आपण बदललोय. म्हाताऱ्या माणसांना थंडी जास्त वाजते, कारण सोसायची ताकद कमी होते. आबांनी ते वाक्य बहात्तरच्या शेजारी जपून ठेवलं. पुढं त्याच पंतप्रधानांनी २०२१ला ग्लासगोत जाहीर केलं, की २०७०पर्यंत भारताचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर येईल. हे ऐकून आबा पहिल्यांदाच थोडे चक्रावले. बोटं मोजली. मग चेहरा उजळला.

"सत्तर साल! तवर कृष्णेचं पाणी तरी येतंय का बगा."

कृष्णेचं पाणी हा धाराशिवमध्ये पिढीजात विषय आहे. आबांच्या वडलांच्या सभेतही तेच होतं. त्यामुळं पन्नास वर्षांनंतरचं वचन त्यांना परकं वाटलं नाही. घरचंच वाटलं.

अमेरिकेतल्या नकारामागं पैसा होता. एक्सॉन कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकातच सांगितलं होतं की तेल-कोळसा जाळून पृथ्वी तापणार. त्यांचे अंदाज किती अचूक होते हे २०२३ला 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासानं दाखवलं. कंपनी मात्र बाहेर वर्षानुवर्षं शंका पेरत राहिली. शंका हे तिथं महागडं बियाणं. आमच्या आबांना कुणी छदाम दिला नाही. म्हणजे ह्या कामाचा दिला नाही. इथं शंका पेरायची गरजच पडत नाही, ती बांधाला आपसूक उगवते, पाणी घालायला तेवढे आबा पुरेत.

आबांच्या बोलण्यातलं एक मात्र कुणालाच खोडता येत नाही. ते म्हणतात, "धूर काडला अमेरिकेनं, आन् उपास करायचा बेंबळीनं?" एका अमेरिकन माणसामागं वर्षाला जेवढा कार्बन हवेत जातो तो एका भारतीयाच्या साधारण सातपट. बेंबळीच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हिशेब मांडला तर त्याहूनही फरक पडेल. हे बोलताना आबांचा आवाज खरा लागतो. पुतणीही गप्प होते. पंचनाम्याच्या वेळचा तो शेंगा सोलणारा शेतकरीसुद्धा मान हलवतो. आबा तिथंच थांबले असते तर त्यांना दिल्लीला पाठवायला हरकत नव्हती. पण ते पुढं म्हणतात, "म्हून आपण काय बी करायचं न्हाई." आणि काही न करण्यात कार्बन कमी करणं तेवढंच येत नाही, बोअर मोजणं येतं, नाल्याचा गाळ काढणं येतं, विम्याचे बंद केलेले रस्ते पुन्हा उघडा म्हणून बोंब मारणं येतं, पर्जन्यमापक मंडळात एक आहे ते गावोगाव द्या म्हणणं येतं. धूर कुणाचाही असो, ह्यातलं एकही काम अमेरिका येऊन करणार नाही.

हे मी त्यांना एकदा सांगितलं. आबांनी शेवटचं तेवढं ऐकलं. "गावोगाव पर्जन्यमापक? हे चांगलं हाय. आमच्या मळ्याकडं पाऊस जास्त असतोय."

ह्यानंतरच्या ग्रामसभेला पुतणीनं विषय दिला होता: गावाच्या पाण्याचा ताळेबंद. किती पडलं, किती मुरलं, किती बोअरनं उपसलं. तिनं वहीत कोष्टक आखून आणलं होतं. विषयपत्रिकेवर तो सातवा. पहिला विषय आबांचा. आबा उठले, माइकवर दोनदा फुंकर मारली आणि ठराव वाचला: निसर्गाच्या लहरीपणामुळे शेतकऱ्यांचे झालेले अतोनात नुकसान पाहता ही ग्रामसभा निसर्गाच्या लहरीपणाचा तीव्र शब्दांत निषेध करीत आहे. टाळ्या. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.

ग्रामसेवक नवा होता. त्यानं पेन थांबवून विचारलं, "निषेधाची प्रत कुणाला पाठवायची?"

आबांनी थोडा विचार केला. "जिल्हाधिकाऱ्यांना. एक पालकमंत्र्यांना." मग शोभेचं पेन काढून हवेत फिरवलं. "आन् एक हवामान खात्याला. त्यांचं काय म्हणणं हाय ते येऊ द्या."

त्यानंतर रस्त्याचा मुरूम, दिव्याचे खांब, स्मशानभूमीचं शेड असं करत पाच वाजले. सातवा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला. पुतणीनं वही मिटली नाही. पारावरून उठणाऱ्या माणसांना ती एकेकाला गाठून विचारत होती, "काका, तुमचं बोअर किती फुटाचं?" चौघांनी सांगितलं, दोघांनी निम्मं सांगितलं. आबा गाडीत बसता बसता ओरडले, "माझं दोनशे लिही माय!"

तिनं सातशे लिहिलं.